एका नांवाचा आडोसा

आमच्या घरीं आम्हांला एक पदवी आहे. खरें बोलावयाचें तर, होती. जेवणाची वेळ टळली, वर्तमानपत्राची घडी विसकटली, किंवा दिवेलागण होऊन गेल्यावर मुलें घरीं परतलीं, कीं आमच्या कपाळास जी आंठी पडे ती पाहून आमच्या सौभाग्यवती मुलांना हळूच सांगत, "जपून रे, हिटलर जागे आहेत!" यांत द्वेष नव्हता, भीतीहि फारशी नव्हती. उलट त्या नांवानें आम्ही मनांतून थोडेसे सुखावतच असूं. मराठी घरांत हा प्रकार नवा नाहीं. कडक मास्तर हिटलर, शिस्तीचा साहेब हिटलर, सुनेला धाकांत ठेवणारी सासूहि हिटलर! ज्या माणसाच्या राजवटींत साठ लाख ज्यू मारले गेले, त्याचें नांव आपल्या भाषेंत वेळ पाळणाऱ्या माणसाचें टोपणनांव होऊन बसलें आहे, आणि त्याचें आपणांस कांहींच वाटत नाहीं.

ही पदवी आम्हांस कशी चिकटली, तेंहि सांगून टाकलें पाहिजे. कॉलेजांत असतांना पुण्याच्या एका पदपथावर, जुन्या पुस्तकांच्या ढिगांत, हिटलरच्या आत्मचरित्राच्या इंग्रजी भाषांतराची एक प्रत आम्हांला मिळाली. आधींच्या मालकानें तींत जागोजाग तांबड्या पेन्सिलीच्या रेघा ओढल्या होत्या. आम्हीं त्यांत निळ्या रेघांची भर घातली. वक्तृत्व, इच्छाशक्ति, शिस्त, राष्ट्राभिमान हे शब्द जेथें जेथें दिसले, तेथें तेथें दोन्ही रंग आहेत. हे उतारे आम्ही वसतिगृहांतील मित्रांना मोठ्यानें वाचून दाखवीत असूं. पदवी आली ती तेथूनच. लग्नानंतर ती घरांत शिरली. ज्या पानांवर ज्यूंविषयींचें विष ओकलेलें होतें, तीं पानें आम्हीं भराभर उलटलीं. पुराणांतल्या वंशावळी उलटाव्या तशीं. युरोपांत हिंडणाऱ्या हिंदी स्वातंत्र्यवाद्यांची टर उडवून, हिंदुस्थान दुसऱ्या कोणाच्या हातीं जाण्यापेक्षां इंग्रजांच्याच ताब्यांत राहिलेला बरा, असेंहि त्यानें त्याच पुस्तकांत लिहून ठेवलें आहे. त्या मजकुराखालीं ना तांबडी रेघ आहे, ना निळी.

आमची मुलगी व जांवई नोकरीनिमित्त बर्लिन येथें असतात. गेल्या उन्हाळ्यांत त्यांच्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला. त्यांचें घर शोनेबर्ग विभागांतील बव्हेरियन क्वार्टरमध्यें, म्हणजे आपल्या भाषेंत बव्हेरियन पेठेंत, आहे. रस्ते रुंद, दुतर्फा झाडी, घरें चारपांच मजल्यांचीं आणि ऐसपैस. १९३३ पूर्वीं या शोनेबर्ग विभागांत सुमारे १६,००० ज्यू राहत. वकील, डॉक्टर, व्यापारी, प्राध्यापक अशी ती सुखवस्तु वस्ती. आइन्स्टाइनचें बिऱ्हाडहि याच पेठेंत, हाबरलांड रस्त्यावर होतें. पहिल्याच संध्याकाळीं आम्ही फिरावयास निघालों तेव्हां सौभाग्यवतींनीं नेहमींच्या थट्टेनें म्हटलें, "चला, हिटलरांची स्वारी निघाली!" वाक्य मराठी, पण त्यांतील एक शब्द त्या रस्त्यावर सर्वांनाच समजणारा होता. बांकावर बसलेल्या एका वृद्ध बाईनें चटकन् मान वर केली. मुलीनें आवाज खालीं आणून म्हटलें, "आई, येथें तें नांव असें घेऊं नकोस." पुढें थोडा वेळ कोणीच बोललें नाहीं.

त्या पेठेंत दिव्यांच्या खांबांवर, माणसाच्या डोक्याहून बऱ्याच उंचीवर, लहान लहान पाट्या लाविलेल्या आहेत. एका बाजूस साधें, रंगीत, मुलांच्या अंकलिपींत शोभावें असें चित्र. दुसऱ्या बाजूस जर्मन भाषेंत एखाददुसरें वाक्य व एक तारीख. रेनाटा स्टिह व फ्रीडर श्नोक या दोघां कलावंतांनीं १९९३ सालीं अशा ८० पाट्या येथें उभारल्या. प्रत्येक पाटी म्हणजे नाझी काळांतील ज्यूंविषयींचा एकेक नियम, अथवा त्या दिवसांची एखादी आठवण. पावाचें चित्र आहे, त्यामागील नियम १९४० सालचा: ज्यूंनीं खाण्यापिण्याचे जिन्नस दुपारीं चार ते पांच याच वेळांत खरेदी करावे. बांकाचें चित्र आहे: बव्हेरियन चौकांत ज्यूंनीं फक्त पिवळ्या बांकांवर बसावें. सुरावटीचें चित्र आहे, साल १९३३: गायनमंडळांतून ज्यूंना काढून टाकावें. मांजराचें चित्र आहे, साल १९४२: ज्यूंनीं घरांत पाळीव प्राणी ठेवूं नयेत. या पाट्या प्रथम लागल्या तेव्हां कित्येक रहिवाशांनीं घाबरून पोलिसांना दूरध्वनि केला. नाझी पुन्हा आले असेंच त्यांना वाटलें. आम्हांला मात्र त्या पाट्या वाचतांना वेगळेंच वाटलें. बहुतेक पाट्यांत मारण्याची भाषा नव्हती. भाकरी, बांक, गाणें, मांजर, एवढेच विषय. पण १९३३ पासून असा एकेक घास, एकेक बांक काढून घेत घेत पुढें १९४१ च्या ऑक्टोबरची १८ तारीख आली, आणि बर्लिनच्या ग्रूनेवाल्ड स्टेशनांतून हजारावर ज्यूंना घेऊन पहिली गाडी पोलंडांतील लोड्झ शहराकडे निघाली.

आमची नात नऊ वर्षांची आहे. ती जर्मन पाटी वाची आणि आम्हांला मराठींत अर्थ सांगे. असें करीत करीत आम्ही एका खांबापाशीं आलों. वर चित्र होतें तें जमिनीवर खडूनें आखलेल्या घरांचें. मुली लंगडी घालीत ज्यांत खडा सरकवितात त्या खेळाचें. मागें लिहिलें होतें कीं, आर्य व अनार्य मुलांनीं एकमेकांशीं खेळण्यास मनाई आहे. साल १९३८. नातीनें अर्थ सांगितला, थोडा वेळ वर पाहिलें, आणि विचारलें, "आजोबा, मग मुलांनीं ऐकलें का?"

आम्ही म्हणालों, "हिटलरचा हुकूम होता ना, बाळ!"

ती पुढच्या खांबाकडे पळाली. आमच्या मात्र लगेच ध्यानांत आलें कीं, तिनें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं दिलेंच नव्हतें. हुकूम कोणाचा होता हें तिनें विचारलें नव्हतें. ऐकलें कोणीं, हें विचारलें होतें. त्या एका नांवाच्या आडोशाला आम्ही किती सहजपणें जाऊन उभे राहिलों!

पुढें त्या महिन्याभरांत कांहीं पाहिलें, कांहीं वाचलें, आणि असें दिसून आलें कीं, या आडोशाला आम्ही एकटेच उभे नव्हतों. युद्ध संपल्यावर सारें जर्मन राष्ट्र तेथें दाटीवाटीनें उभें होतें. न्यूरेंबर्ग येथें १९४५-४६ सालीं दोस्तांनीं बड्या नाझींवर खटला चालविला, बारा जणांना फांशीची शिक्षा सांगितली, आणि सामान्य माणसाला वाटलें कीं, चला, हिशेब मिटला. अमेरिकन लोकांनीं आपल्या ताब्यांतील मुलुखांत प्रत्येकाकडून १३१ प्रश्नांचा एक तक्ता भरून घेतला. मग जो तो शेजाऱ्याकडून, पाद्र्याकडून, ओळखीच्या माणसाकडून स्वतःच्या चांगुलपणाचे दाखले आणूं लागला. लोकांनीं थट्टेनें या दाखल्यांना एका प्रसिद्ध धुण्याच्या पुडीचें नांव दिलें: 'पर्सिल दाखला'! डाग कसलाहि असो, पांढरें शुभ्र निघावयाचें. १९३५ च्या वंशविषयक कायद्यांवर ज्यानें भाष्य लिहिलें, त्या हान्स ग्लोब्के यांस पुढें चॅन्सेलर आडेनाउअर यांच्या कचेरीचें मुख्यपद मिळालें, आणि १९५३ पासून १९६३ पर्यंत दहा वर्षें तें त्यांच्याकडे राहिलें. विचारावें त्यानें एकच उत्तर द्यावें, आम्हांस कांहीं ठाऊक नव्हतें, सारें त्या एका वेड्यानें केलें. जणूं बारा वर्षें त्या एवढ्या मोठ्या देशांत एकटा हिटलरच जागा होता आणि बाकीचे झोंपीं गेले होते!

परंतु कागद झोंपत नाहींत. हद्दपार होणाऱ्या प्रत्येक ज्यूला सोळा पानांचा एक अर्ज भरावा लागे. तींत त्यानें आपल्या घरांतील वस्तूंची यादी स्वतःच्या हातानें द्यावयाची: खुर्च्या किती, पलंगपोस किती, रुमाल किती. त्याची गाडी सुटली कीं कायद्यानें तें सारें सरकारजमा होई, आणि पुढें त्याचा लिलाव होई. हॅम्बुर्गसारख्या शहरांत असे लिलाव उघड उघड चालत. वर्तमानपत्रांत जाहिराती येत, आणि गृहिणी जाऊन घासाघीस करून टेबलावरचीं वस्त्रें, पडदे, भांडीं घेऊन येत. हा अर्ज छापणारा, तपासणारा, यादीवर टिचक्या मारणारा, लिलाव पुकारणारा, बोली बोलणारी यांपैकीं कोणीहि हिटलर नव्हतें. हीं सारीं माणसें वेळ पाळणारीं आणि शिस्तीचीं होतीं. आमच्या पुस्तकांत ज्या शब्दांखालीं दोन दोन रेघा आहेत, त्याच शब्दांचीं माणसें.

या आडोशांतून आपल्या राष्ट्राला बाहेर ओढणारीं माणसें थोडीं निघालीं, आणि त्यांचें कोणीं स्वागत केलें नाहीं. फ्रिट्झ बावर हे त्यांतले एक. ते स्वतः ज्यू आणि समाजवादी. १९३३ सालीं ते छळछावणींत राहिले, मग डेन्मार्क व स्वीडन येथें परागंदा झाले, आणि १९४९ सालीं मायदेशीं परतले. हेसेन प्रांताचे मुख्य सरकारी वकील झाल्यावर त्यांनीं आइखमनचा ठावठिकाणा आपल्या सरकारला न सांगतां इस्रायलला कळविला, कारण आपल्या सरकारांतूनच त्याला सूचना जाईल अशी त्यांना धास्ती होती. पुढें १९६३ च्या डिसेंबरांत फ्रँकफुर्ट येथें त्यांनीं ऑशविट्झच्या अधिकाऱ्यांवर खटला उभा केला. वीस महिने तो चालला. सुमारे साडेतीनशें साक्षीदार झाले. पिंजऱ्यांत राक्षस दिसतील म्हणून लोक पाहावयास गेले, तर तेथें बसले होते एक औषधांचे दुकानदार, एक आयातनिर्यातीचे व्यापारी, कांहीं कारकून. ओस्वाल्ड काडुक हा छावणींतील अतिशय क्रूर असा पहारेकरी. तो मधल्या काळांत बर्लिनच्या एका रुग्णालयांत रोग्यांची शुश्रूषा करीत होता, आणि रोगी त्याला मायेनें 'पापा' म्हणत! आम्हांला वाटतें, त्या खटल्यानें दिलेल्या शिक्षांपेक्षां हा एक शब्द अधिक बोलका आहे. आम्ही एका घरच्या कर्त्याला हिटलर म्हणत होतों. ते एका मारेकऱ्याला बाबा म्हणत होते. दोहोंकडे नांव आणि माणूस यांची ताटातूट झालेली.

दुसरे योझेफ वुल्फ. ऑशविट्झमधून वांचलेला हा इतिहासकार बर्लिनमध्यें राहून नाझी काळचे कागद छापीत असे, आणि त्या कागदांवरील सह्यांचीं नांवें गाळीत नसे. बर्लिनच्या वान्झे तलावाकांठीं एक सुंदर बंगला आहे. १९४२ च्या जानेवारीच्या २० तारखेस तेथें पंधरा बडे अधिकारी जमले आणि साऱ्या युरोपांतील एक कोटि दहा लाख ज्यूंची विल्हेवाट कोणत्या खात्यानें कशी लावावयाची, यावर त्यांनीं सुमारे दीड तास चर्चा केली. पंधरांपैकीं आठ जण विद्यापीठाचे डॉक्टर होते. या बंगल्यांत नाझी काळाच्या अभ्यासाचें केंद्र काढावें म्हणून वुल्फ यांनीं १९६० नंतरच्या दशकांत जंग जंग पछाडलें. पण तेथें शाळेच्या मुलांचें सुटींत राहण्याचें वसतिगृह होतें, मुलांच्या आनंदावर मागची सावली कशाला, असें शहरानें ठरविलें. १९७४ च्या ऑक्टोबरांत वुल्फ यांनीं आपल्या बिऱ्हाडाच्या खिडकींतून उडी टाकून प्राण दिला. त्यापूर्वीं मुलाला लिहिलेल्या पत्रांत त्यांची खंत हीच होती कीं, अठरा पुस्तकें लिहूनहि कांहीं परिणाम झाला नाहीं. १९९२ सालीं, त्या बैठकीला पन्नास वर्षें पुरीं झालीं तेव्हां, तोच बंगला स्मारक म्हणून खुला झाला. तेथील ग्रंथालयास आज वुल्फ यांचें नांव आहे. जिवंतपणीं ज्याला दार उघडलें नाहीं, त्याच्या नांवाची पाटी दारावर लावावयाची, ही रीत आपल्याकडेहि अपरिचित नाहीं.

तिसरे विली ब्रांट. १९७० च्या डिसेंबरच्या ७ तारखेस वॉर्सा येथील ज्यूंच्या स्मारकापुढें पुष्पचक्र वाहून जर्मनीचा हा चॅन्सेलर ओल्या फरशीवर एकाएकीं गुडघे टेकून बसला. ब्रांट १९३३ सालींच नाझींच्या तावडींतून निसटून नॉर्वेला गेले होते. त्यांच्या हातून कोणतें पाप घडलें नव्हतें. ज्याला गुडघे टेकण्याचें कारण नव्हतें तो टेकतो, आणि ज्यांना होतें ते त्याला नांवें ठेवितात! त्या वेळीं घेतलेल्या लोकमताच्या अंदाजांत ४८ टक्के लोकांना हें करणें अतिरेकाचें वाटलें, ४१ टक्क्यांना योग्य वाटलें.

एवढ्या विद्वानांच्या ग्रंथांनीं जें झालें नाहीं, तें थोडेंफार झालें एका अमेरिकन चित्रमालिकेनें. १९७९ च्या जानेवारींत पश्चिम जर्मनीच्या दूरचित्रवाणीवर 'होलोकॉस्ट' नांवाची मालिका दाखविली गेली. वाइस नांवाच्या एका कल्पित ज्यू कुटुंबाची ती कथा. पंडितांनीं नाकें मुरडलीं. एवढा घोर विषय आणि असें रडवें नाटक! त्यांचें म्हणणें कलेच्या दृष्टीनें खोटें नव्हतें. पण सुमारे दोन कोटि लोकांनीं ती पाहिली. रात्रीं उशिरापर्यंत हजारों माणसें दूरचित्रवाणीच्या कचेरींत दूरध्वनि करीत राहिलीं; मुलें आईबापांना विचारूं लागलीं कीं, तुम्ही तेव्हां कोठें होतां? त्याच वर्षीं जुलैमध्यें जर्मन पार्लमेंटानें खुनाच्या गुन्ह्याला असलेली मुदतीची मर्यादा कायमची काढून टाकली, आणि म्हाताऱ्या नाझींच्या सुटकेची वाट बंद झाली. साठ लाख हा आंकडा कोणाच्याहि डोळ्यांत पाणी आणीत नाहीं. एका घरांतील चार माणसांचीं नांवें आणितात. हा मानवी बुद्धीचा दोष म्हणावा कीं गुण, हें आम्हांस ठरवितां येत नाहीं.

नांवाचें हें सामर्थ्य गुंटर डेमनिग या शिल्पकारानें ओळखलें. दहा सेंटिमीटरांचा एक चौकोनी दगड, त्यावर पितळेचा पत्रा, पत्र्यावर हातानें ठोकून काढलेलीं अक्षरें. आरंभ बहुधा एकच: येथें राहत होता, किंवा येथें राहत होती. मग नांव, जन्मसाल, कोठें नेलें, कोठें मारलें. हा दगड त्या माणसाच्या शेवटच्या राहत्या घरापुढील पदपथांत बसवावयाचा. १९९२ सालीं कोलोन येथें आरंभ झाला, आणि २०२३ च्या मे महिन्यांत न्यूरेंबर्ग येथें एक लाखावा दगड बसला. म्युनिच शहरानें मात्र हे दगड सरकारी पदपथांवर बसवूं दिले नाहींत. तेथील ज्यू समाजाच्या अध्यक्ष शार्लोट क्नोब्लोख लहानपणीं एका खेड्यांत लपून वांचलेल्या. त्यांचें म्हणणें असें कीं, ज्यांना एकदां बुटांखालीं तुडविलें, त्यांचीं नांवें पुन्हा लोकांच्या पायांखालीं कां द्यावयाचीं? त्या शहरानें २०१८ पासून भिंतींवर व खांबांवर नांवें लावण्यास आरंभ केला. हा वाद वाचतांना आमचें मराठी मन दुभंगलें. पुस्तकाला पाय लागला तर तें उचलून कपाळाला लावणारी आपण माणसें. क्नोब्लोखबाईंचें म्हणणें आपणांस शिकवावें लागत नाहीं. पण पंढरपुरास नामदेवाची पायरीहि आहे. संतांचे पाय लागावे म्हणून त्या भक्तानें पायरीचीच जागा मागून घेतली, आणि वारकरी तेथें वांकल्याशिवाय पुढें जात नाहीं. फरक एवढाच, आणि तो फार मोठा, कीं नामदेवानें ती जागा मागितली होती. या लोकांना कोणी विचारलें नव्हतें.

आमच्या मुलीच्या घरापुढें असे चार दगड आहेत. बाप, आई, दोन मुलें. धाकटी मुलगी १९२९ सालीं जन्मलेली. म्हणजे खेळण्याची मनाई आली त्या वर्षीं ती नऊ वर्षांची होती. दगडांवरचें पितळ काळवंडलें होतें. नोव्हेंबरच्या ९ तारखेस शेजारपाजारचे लोक हे दगड पुसतात, असें मुलीनें सांगितलें. सौभाग्यवतींनीं तें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "पितळेला चिंच लागते." दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या आमटीसाठीं पुण्याहून आणलेल्या चिंचेंतील थोडी वाटींत भिजवून खालीं गेल्या, आणि देवघरांतील समया घासाव्या तशा त्या पदपथावर बसून त्यांनीं चारी दगड घासले. येणारेजाणारे बाजूनें वळसा घालून जात होते. एकजण थांबला, त्यानें हॅट काढली आणि कांहीं न बोलतां निघून गेला. त्या दिवसापासून सौभाग्यवतींनीं आमची पदवी उच्चारलेली नाहीं. त्यांनीं कारण सांगितलें नाहीं, आम्हीं विचारलें नाहीं.

जर्मनीनें सारें नीट केलें असा याचा अर्थ नव्हे. बर्लिनच्या मध्यभागीं मारल्या गेलेल्या ज्यूंचें २,७११ काँक्रीटच्या ठोकळ्यांचें जें प्रचंड स्मारक २००५ सालीं पुरें झालें, त्याच्या बांधणीच्या वेळचीच गोष्ट घ्या. ठोकळ्यांवर कोणी कांहीं खरडूं नये म्हणून त्यांना जो लेप देत होते, तो डेगुसा या कंपनीचा निघाला. आणि छावण्यांना विषारी वायु पुरविणाऱ्या कारखान्यांत याच कंपनीची एके काळीं भागीदारी होती! २००३ सालीं काम थांबलें, वाद झाला, आणि अखेर तोच लेप वापरून काम पुरें झालें. आम्हांला तर वाटतें, स्मारकाचा अर्थ त्या लेपानें अधिकच स्पष्ट केला. हात न विटाळतां हें काम करण्याजोगें दुकान त्या देशांत नव्हतें. दुसरा धोका उलट्या बाजूचा आहे. पश्चात्तापहि अंगवळणीं पडला कीं त्याचा अभिमान होतो; आम्ही जगांत सर्वांहून चांगली आठवण ठेवतों, असें म्हणणाऱ्याची आठवण तेथेंच थांबते. आणि कंटाळलेलेहि पुष्कळ आहेत. २०१७ सालीं एका पुढाऱ्यानें ड्रेस्डेनच्या सभेंत, आठवणीच्या या धोरणानें आतां १८० अंशांत तोंड फिरवावें, असें बजावलें. २०२५ च्या फेब्रुवारींतील निवडणुकींत त्याच्या पक्षास २०.८ टक्के मतें पडलीं व तो पार्लमेंटांत दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष झाला. सांगणारे साक्षीदार एकेक करून जात आहेत. दगड राहतील, घासणारे हात राहतील कीं नाहीं, हा प्रश्न आहे.

पुण्यास परत आल्यावर आम्हीं तें जुनें पुस्तक कपाटांतून काढलें, आणि पन्नास वर्षांपूर्वीं उलटून टाकलेलीं पानें वाचलीं. तीं थोडीं नाहींत, आणि कोपऱ्यांतहि दडलेलीं नाहींत. शिस्तीच्या उताऱ्यांना तीं इतकीं लगटून आहेत कीं, एक वाचतांना दुसरें न दिसण्यासाठीं डोळ्यांना मुद्दाम वळण लावावें लागतें. तें वळण आमच्या डोळ्यांना कोठें लागलें असावें, याचा विचार करतां करतां आम्हांस आमचें आजोळ आठवलें.

आम्ही नऊदहा वर्षांचे असतांना सुटींत आजोळीं जात असूं. ओढ्यापलीकडच्या वस्तींतला एक मुलगा विटीदांडूंत आम्हां सर्वांहून तरबेज होता. पांचसहा दिवस तो आमच्या डावांत खेळला. मग एके दिवशीं संध्याकाळीं वडीलधाऱ्यांपैकीं कोणीं तरी ओटीवरून सांगितलें, त्याच्याबरोबर खेळावयाचें नाहीं. पाटी लाविलेली नव्हती, तारीख नव्हती, सरकारचा हुकूम नव्हता. उलट आपल्या राज्यघटनेनें अस्पृश्यता रद्द करून कित्येक वर्षें लोटलीं होतीं. तो दोनतीन संध्याकाळीं दांडू घेऊन ओढ्याच्या पलीकडे उभा राहिला, मग येईनासा झाला. ओढा आणि ग्रूनेवाल्डचें स्टेशन हीं एकच, असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणणें हा दोन्हीकडच्या दुःखाचा अपमान होईल. पण नातीनें विचारलें होतें तें स्टेशनाविषयीं नव्हतें, खेळाविषयीं होतें. आणि तेवढ्या प्रश्नाचें उत्तर आमच्याजवळ लहानपणापासून होतें.

नातीला देवनागरी अडखळत कां होईना वाचतां येतें. तिला आम्हीं पत्र लिहिलें. त्यांत लिहिलें कीं, बाळ, तूं त्या दिवशीं विचारलेंस त्याचें उत्तर आम्हीं चुकीचें दिलें. बहुतेक मुलांनीं ऐकलें असणार. कारण आम्हींहि ऐकलें होतें. मग त्या विटीदांडूच्या मुलाची हकीकत लिहिली.

पत्र टाकून आठवडा झाला आहे. ती दगडांवरचीं नांवें वाचून मोठी होणारी मुलगी. उत्तरीं ती पहिल्यानें त्या मुलाचें नांव विचारील, यांत आम्हांला शंका नाहीं. तें आम्हांस आठवत नाहीं.